नोंदीबाहेरचा ताप

२०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तहसील कचेऱ्यांतली जुनी कोतवाल बुके महाराष्ट्रभर पुन्हा उघडली गेली. गाव नमुना १४ या नावाने ओळखली जाणारी ही जन्ममृत्यूची बुके. जुनी असतील तर मोडीत लिहिलेली. शोधणाऱ्याचे बोट जातीच्या रकान्यावर थांबते, नक्कल निघते आणि बुक पुन्हा बासनात जाते. त्याच ओळीत मृत्यूचे कारणही लिहिलेले असते, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पाहिले तरी हाती थोडेच लागते. लहान मुलाच्या नावापुढे बहुधा एकच शब्द असतो : ताप.

या शब्दाखाली कितीतरी वेगवेगळी मरणे झाकली गेली. त्यांतले एक मला इथे वेगळे काढून पाहायचे आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाचा घसा दुखतो आणि आपोआप बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप चढतो, गुडघा सुजतो. गुडघा उतरतो तोच घोटा धरतो, मग मनगट. तेही जाते. घरचे निर्धास्त होतात. पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तेच मूल विहिरीच्या पायऱ्या चढताना धापा टाकू लागते. डॉक्टर त्याला रुमॅटिक फीव्हर म्हणतात, मराठी ग्रंथांत संधिज्वर असा शब्द आढळतो, आणि घरात पोचते ते एवढेच, की पोराच्या हृदयाची झडप खराब झाली आहे.

हा आजार आपल्या भागात केव्हापासून आहे आणि किती मुलांना होत असे, असे विचारले तर सरळ उत्तर देणारा एकही जुना कागद नाही. आडून उत्तर देणारे कागद मात्र बरेच आहेत. ते एकापुढे एक ठेवून पाहण्यासाठी मी सांगलीजवळचे माधवनगर आणि त्याच्या भोवतीचा कृष्णाकाठ निवडला. कारण साधे आहे. हा मुलूख आजारांच्या दृष्टीने एक होता, कागदांच्या दृष्टीने मात्र त्याचे तुकडे झालेले होते. माधवनगरला लागून असलेले बुधगाव ही धाकट्या पातीच्या मिरज संस्थानाची राजधानी. सांगलीचे संस्थान वेगळे, थोरल्या पातीची मिरज वेगळी, आटपाडी औंधकडे आणि तासगाव ब्रिटिश सातारा जिल्ह्यात. मार्च १९४८ मध्ये ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, ऑगस्ट १९४९ मध्ये दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे बुधगावचे मूल, सांगलीचे मूल आणि तासगावचे मूल एकाच दुखण्याने गेले, तरी तीन वेगवेगळ्या दप्तरांत गेले. एका पिढीची बेरीज करायची तर आधी नकाशे जुळवावे लागतात.

दप्तर कोणतेही असो, मेलेल्याची वर्गवारी करण्याचा साचा इंग्रजी अमलातून आलेला होता. मुंबई इलाख्याचा सॅनिटरी कमिशनर दरवर्षी मृत्यूंचा तक्ता छापत असे. त्यात शीर्षके मोजकीच : पटकी, देवी, ताप, हगवण व अतिसार, श्वसनाचे विकार, इजा, आणि बाकीचे सगळे. १८९६ नंतर प्लेगची भर पडली. खेड्यात कारण ठरवणारा माणूस डॉक्टर नव्हता. पाटील-कुलकर्ण्यांनी घरच्यांना विचारून लिहायचे. आता झडप निकामी होऊन गेलेल्या बारा वर्षांच्या मुलीचा विचार करा. शेवटच्या दिवसांत तिला धाप होती, म्हणजे श्वसनाचा विकार. अंगावर सूज होती, म्हणजे बाकीचे सगळे. मधूनमधून अंग तापत होते, म्हणजे ताप. तिन्हींपैकी काहीही लिहिले तरी लिहिणारा खोटे बोलत नव्हता. हृदय हा शब्द त्या तक्त्यात कुठे बसण्याजोगा नव्हता, आणि लिहिणाऱ्याला सुचण्याजोगाही नव्हता.

मेलेल्यांच्या बुकात जागाच नाही, तर जिवंतांच्या बुकात पाहावे. दवाखान्यांची रजिस्टरे तिथे मदतीला येतात, आणि तिथली अडचण नेमकी उलटी आहे. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधला साताऱ्याचा खंड १८८५ चा, कोल्हापूर आणि दक्षिण मराठा मुलखाचा १८८६ चा. या मालिकेत आरोग्यावरच्या मजकुरात एकेका दवाखान्यात कोणती दुखणी जास्त येतात याची यादी दिलेली असते. ती वाचताना हिवतापी ज्वर, कातडीचे रोग, डोळ्यांचे विकार, हगवण यांच्या जोडीला वाताचे विकार पुनःपुन्हा भेटतात. उतावळा वाचक इथे उडी मारेल : सापडला! पण त्या नोंदीत मोट हाकून कंबर धरलेला शेतकरी आहे, पावसाळ्यात गुडघे दुखणारी म्हातारी आहे, उपदंशाने हाडे दुखणारा शिपाई आहे. त्यांत कुठेतरी सांधे सुजलेले आठ वर्षांचे पोरही असेल. मेलेल्यांच्या बुकात या आजाराला जागा नव्हती. जिवंतांच्या बुकातली जागा इतकी ऐसपैस, की तिच्यात कोणीही मावावे.

आणखी एक रकाना पाहण्यासारखा आहे, तो निकालाचा. त्या काळच्या रुग्णालयांच्या तक्त्यांत रोगी बरा झाला, आराम पडला, अन्य कारणाने गेला, मेला अशी विभागणी असे. १८७६ साली स्कॉटलंडमधल्या मॅक्लॅगन या डॉक्टरने वाळुंजाच्या सालीतून निघणारे सॅलिसिन या आजारात वापरून दाखवले, आणि पुढे सॅलिसिलेट हे सांध्यांच्या तापावरचे ठरलेले औषध झाले. त्याचा गुण खरोखर झटपट येतो. दोन-चार दिवसांत सूज उतरते, ताप जातो, मूल उठून बसते. हृदयातल्या जखमेला त्याचा उपयोग नाही. म्हणजे औषध जितके चांगले लागू पडले तितका तो मुलगा ‘बरा झाला’ या रकान्यात ठामपणे गेला. दहा वर्षांनी तो धाप घेऊन परत आला, तर तो नवा रोगी, नवी ओळ. दोन ओळी एकाच माणसाच्या आहेत हे सांगणारा धागा कोणत्याही रजिस्टरात नव्हता.

या सगळ्याच्या आधी मूल वैद्याकडे गेलेले असे, हेही विसरता येत नाही. माधवनिदानात, म्हणजे साधारण सातव्या-आठव्या शतकातल्या ग्रंथात, आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. सुजलेले सांधे, विंचू चावल्यासारखी वेदना, ताप, आणि उपद्रवांत हृदय धरले जाणे. हे वर्णन वाचून आमवात म्हणजेच रुमॅटिक फीव्हर असे म्हणण्याचा मोह अनेकांना झाला. मला तो धोक्याचा वाटतो. आजचे वैद्य आमवात म्हणतात तेव्हा बहुधा मोठ्या माणसांची, वर्षानुवर्षे चालणारी सांधेसूज त्यांच्या मनात असते. ग्रंथात मुलाचे वय नाही, घसा नाही. एका लक्षणाच्या जोरावर बारा-तेराशे वर्षांपूर्वीचे निदान करू नये. इतके मात्र म्हणता येईल, की सांधे आणि हृदय एकाच दुखण्यात धरले जातात हे कोणीतरी पाहिले होते आणि लिहून ठेवले होते.

मिरजेला मात्र कागदांची वेगळीच रास आहे. विल्यम वॉनलेस हा मूळचा कॅनडाचा डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ साली हिंदुस्थानात आला, आधी सांगलीत बसला, मग मिरजेला गेला. १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उघडले, १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली. त्याने आपल्या कामाचा वृत्तांत लिहिला, तो १९३२ मध्ये ‘ॲन अमेरिकन डॉक्टर अॅट वर्क इन इंडिया’ या नावाने प्रसिद्ध झाला. पण वॉनलेस शल्यविशारद होता, आणि मिशनच्या रुग्णालयांची कीर्ती शस्त्रक्रियांच्या आकड्यांवर उभी असे. मोतीबिंदू काढलेला माणूस पाहू लागतो. ती गोष्ट देणगीदारांना पत्रातून सांगता येते. छातीला नळी लावून ऐकू आलेला खरखराट सांगून अमेरिकेतून पैसे येत नाहीत. धाप लागलेल्या मुलीसाठी त्या काळी शल्यविशारदाच्या हाती काहीच नव्हते, आणि ज्यासाठी हाती काही नाही ते अहवालात मागे पडते. हा दोष मिरजेचा नाही. जगभर तसेच होते. फक्त लंडन-बॉस्टनमध्ये शल्यविशारदाच्या शेजारी असे फिजिशियन होते ज्यांना हेच मोजण्याचे वेड होते.

तिकडचे चित्र थोडक्यात सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या डॉक्टरांचे डोळे तिकडेच तयार झालेले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात इंग्लंड-अमेरिकेत शाळकरी मुलांच्या मोठ्या मारेकऱ्यांत हा आजार होता. बॉस्टनला या मुलांसाठी वेगळे रुग्णालय होते, तिथल्या टी. डकेट जोन्स यांनी १९४४ मध्ये निदानाच्या कसोट्या बांधल्या, त्या सुधारून आजही चालतात. ब्लँड आणि जोन्स यांनी एक हजार मुलांचा वीस वर्षे पाठपुरावा करून १९५१ मध्ये तो छापला. डेन्मार्कमध्ये १८६२ पासून या तापाची सरकारी नोंद होत होती. १९३१ मध्ये न्यूयॉर्कला कोबर्न आणि लंडनला कॉलिस यांनी घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूकडे बोट दाखवले, आणि १९३३ मध्ये रिबेका लान्सफील्ड यांनी या जंतूंचे गट पाडले. गुन्हेगार अ गटातला. जंतू हृदयात जाऊन बसत नाही. त्याच्याशी लढायला शरीराने जी शस्त्रे काढली ती चुकून आपल्याच झडपांवर चालतात, म्हणून घसा आणि हृदय यांच्यात ते दोन-तीन आठवड्यांचे अंतर पडते.

हे सगळे थंड देशांत, दाट वस्तीच्या गरीब मोहल्ल्यांत दिसत होते. त्यावरून एक समजूत पक्की झाली : हा थंड, दमट हवेचा आजार आहे, उष्ण देशांत तो नाही. हिंदुस्थानात या समजुतीला पुरावा दिला लिओनार्ड रॉजर्स यांनी. कलकत्ता मेडिकल कॉलेजातल्या काही हजार शवविच्छेदनांच्या नोंदी चाळून त्यांनी १९१० मध्ये ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये लिहिले, की संधिज्वर इथे अतिशय विरळा. १९३० साली जे. टर्शियस क्लार्क यांनी जगभरचा पसारा मांडून उष्ण कटिबंधातून हा आजार जवळजवळ पुसूनच टाकला. स्कार्लेट फीव्हर, म्हणजे त्याच जंतूने येणारा लाल पुरळाचा ताप, हिंदुस्थानात क्वचित दिसतो, हाही आधार दिला जाई.

रॉजर्स हा काही ऐरागैरा निरीक्षक नव्हता. म्हणूनच त्याच्या पुराव्याची छाननी मन लावून करावीशी वाटते. कलकत्त्याच्या मोठ्या रुग्णालयात मरणारा आणि ज्याच्या प्रेतावर घरच्यांचा हक्क सांगायला कोणी नाही असा माणूस कोण? बहुतेक वेळा गाव सोडून आलेला प्रौढ मजूर. दहा वर्षांची मुलगी घरी मरते. पहिल्या बाळंतपणात धाप लागून गेलेली अठरा वर्षांची सून घरीच मरते, आणि तिच्या मरणाचे खापर बाळंतपणावर फुटते. हा आजार ज्यांना धरतो ती माणसे विच्छेदनाच्या टेबलापर्यंत येतच नव्हती. टेबलावर आलेल्यांत तो सापडला नाही, यावरून तो देशात नाही हे कसे ठरावे? शिवाय झडप आकसण्याचा मायट्रल स्टेनोसिस हा प्रकार ऐकून ओळखायला शांत खोली आणि तयार कान लागतो. बाह्यरुग्ण विभागात सकाळी शेकड्यांनी माणसे उभी असताना ते दोन्ही दुर्मीळ.

ही समजूत मोडण्याचे काम १९३० च्या दशकात सुरू झाले, तेही एखाद्या मोठ्या संस्थेने ठरवून नव्हे. इथल्याच डॉक्टरांनी आपापल्या वॉर्डात बसून केले. पंजाबात के. एल. विग यांनी १९३५ मध्ये तिथल्या संधिज्वराची आणि त्यातून येणाऱ्या हृदयविकाराची निरीक्षणे छापली. दक्षिणेत पी. कुटुंबय्या यांनी १९४१ मध्ये मुलांतल्या आणि किशोरांतल्या या आजारावर लिहिले. ज्याला बाहेरचे लोक नाही म्हणत होते ते त्यांच्या खाटांवर पडलेले होते. पुढच्या दोन-तीन दशकांत देशातल्या ठिकठिकाणच्या रुग्णालयांचे आकडे एकत्र आले तेव्हा चित्र उलटे झाले : दाखल होणाऱ्या हृदयरुग्णांपैकी पाचव्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत लोक या एका बालपणीच्या तापाचे होते. दिल्लीच्या डॉ. शिवरामकृष्ण पद्मावती यांनी १९६२ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात भारतातल्या हृदयविकारांच्या प्रसाराचा आढावा घेतला. पुढच्याच वर्षी सुजॉय रॉय, रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले, की पाश्चात्त्य देशांत तिशी-चाळिशीत दिसणारी आकसलेली झडप भारतात विशीच्या आतच दिसते. म्हणजे आजार होता एवढेच नव्हे, तो इथे जास्त घाईने चालत होता. वारंवार होणारा घसा, वारंवार येणारा झटका, आणि मध्ये कोणी अडवणारे नाही.

हवामानाची समजूत गेली तेव्हा तिच्या जागी आली गर्दी. इंग्लंडमध्ये बराकी आणि वसतिगृहे पाहून ग्लोव्हर यांनी १९३० मध्येच हे मांडले होते : अंथरुणांमधले अंतर कमी झाले की घशाचे जंतू पसरतात आणि मागोमाग हा ताप येतो. डेन्मार्कच्या नोंदीत आजार पेनिसिलिनच्या आधीपासूनच उतरत होता, घरे सुधारली तसा. गिरणी आणि मागांचे गाव असलेल्या माधवनगरकडे या नजरेने पाहिले की गिरणीची चाळ, मागाच्या खटखटाटाला चिकटून असलेली एकखणी बिऱ्हाडे, एका घोंगडीखाली झोपणारी चार भावंडे हा आजाराच्या इतिहासाचा कागद होतो. तो छापलेला नसला तरी जनगणनेच्या घरमोजणीत त्याची सावली असते. एका भावाचा घसा धरला की आठवड्यात बाकीच्यांचा. त्या चौघांतल्या एकाच्याच हृदयावर का बेतावे, याचे पुरते उत्तर आजही नाही. घशात हा जंतू झालेल्यांपैकी एरवी शेकडा एकापेक्षाही कमी मुलांना पुढचा ताप येतो, लष्करी छावणीतल्यासारख्या साथीत शेकडा तिघांना. पण घसे जितके जास्त, तितका तो एक नक्की.

स्वातंत्र्यानंतरच्या कागदांत मला एक योगायोग अस्वस्थ करतो. १९५२ साली अमेरिकेत स्टॉलरमन यांनी दाखवले, की बेन्झाथिन पेनिसिलिनची सुई महिन्यातून एकदा दिली तर ज्याला एकदा हा ताप येऊन गेला त्याला पुन्हा झटका येत नाही. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीचा पहिला अहवाल निघाला, त्याचा भर याच प्रतिबंधावर. आणि त्याच १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. युनिसेफची यंत्रे, जागतिक आरोग्य संघटनेचे तांत्रिक साहाय्य, आणि १९५५ पासून देशात पेनिसिलिन तयार होऊ लागले. पिंपरीहून पुणे आणि पुण्याहून मिरज, अशी रेल्वेची वाट होती. औषध आले, पद्धत ठाऊक होती. तिसरी गोष्ट हवी होती ती म्हणजे नावांची यादी : कोणत्या मुलाला, कोणत्या गावात, पुढची सुई कोणत्या तारखेला. क्षयासाठी, देवीसाठी, हिवतापासाठी या देशाने अशा याद्या केल्या. या आजारासाठी तेव्हा जिल्हाभराची यादी झाली नाही. मुंबईत के.ई.एम.मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन हृदयाच्या कप्प्यात बोट घालून आकसलेली झडप मोकळी करू लागले ते याच दशकात. झडप उघडण्याचे शस्त्रकर्म मोठ्या शहरांत आले, आणि झडप बिघडू न देणारी सुई गावात नीट पोचली नाही. आपल्या वैद्यकाचा कल त्यातून दिसतो, असे मला वाटते.

मग मोजणी आली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९७२ ते १९७५ या काळात आग्रा, अलेप्पी, मुंबई, दिल्ली आणि हैदराबाद इथल्या शाळांतली सव्वा लाखाहून अधिक मुले तपासली. हजारी पाचच्या आसपास मुलांना रुमॅटिक हृदयविकार आढळला. ‘जय विज्ञान’ प्रकल्पात २००० ते २०१० दरम्यान दहा ठिकाणची सुमारे पावणेदोन लाख मुले पाहिली गेली, तेव्हा हे प्रमाण हजारी एकाच्या किंचित खाली आले. पाचावरून एकावर. आजार ओसरला, असे म्हणून वही मिटता आली असती.

इतिहास लिहिणाऱ्याला अशा वेळी मोजण्याचे साधन विचारावे लागते. पहिल्या मोजणीत कानाला नळी होती. निरोगी मुलांच्या छातीतही कधी कधी मऊसा खरखराट ऐकू येतो; त्यातली काही मुले आजारी म्हणून धरली गेली असणार. दुसऱ्या मोजणीत संशयितांची इकोने, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र पडद्यावर दाखवणाऱ्या तपासणीने, खात्री केली जात होती, त्यामुळे ती मुले गळाली. म्हणजे घसरणीचा काही भाग आजाराचा, काही साधनाचा. मग २०११ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. अनिता सक्सेना यांच्या गटाने हरियाणातल्या बल्लभगडचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा हजारांहून अधिक शाळकरी मुले. नळीने ऐकून हजारी ०.८, आणि सरसकट प्रत्येकाचा इको केल्यावर हजारी २०.४. पंचवीस पट. धाप नाही, खरखराट नाही, मूल मैदानात पळते आहे, आणि पडद्यावर झडप जाडसर दिसते आहे. रॉजर्सच्या वेळी आजार ‘नव्हता’, आता तो अचानक सगळीकडे ‘आहे’. दोन्ही विधाने साधनाबद्दल जेवढी सांगतात तेवढी मुलांबद्दल नाही. इकोवर दिसणाऱ्या या अर्धवट खुणांचे पुढे काय होते, हे जाणून घ्यायला युगांडात ८१८ मुलांवर दोन वर्षे प्रयोग झाला. सुई मिळालेल्यांत तिघांचा विकार वाढला, न मिळालेल्यांत तेहतीस जणांचा. म्हणजे पडद्यावरच्या त्या खुणा फुकाची भीती नव्हत्या, आणि विकार वाढणे सगळ्यांच्याच कपाळी लिहिलेले होते असेही नव्हे.

शाळांतल्या मोजणीला आणखी एक भोक आहे. ती हजर मुलांची मोजणी आहे. ज्याला दप्तर घेऊन चालताना दम लागतो त्या मुलाचे नाव हजेरीपटावरून आधी जाते.

निदानाच्या कसोट्यांचेही तेच झाले. जोन्स यांच्या कसोट्या बॉस्टनच्या मुलांवरून बांधलेल्या. एकाहून अधिक सांधे स्पष्ट सुजलेले असले तर ते मोठे लक्षण. आपल्याकडे पुष्कळ मुलांचे सांधे नुसते दुखतात, सुजत नाहीत, आणि दोन गोळ्यांनी तेही थांबते. ‘वाढीच्या वयातली दुखणी’ म्हणून आया मोहरीच्या तेलाने किंवा गोडेतेलाने पाय चोळून देतात. २०१५ मध्ये कसोट्या सुधारल्या तेव्हा जिथे आजार जास्त आहे तिथे नुसती अनेक सांध्यांची दुखी किंवा एकाच सांध्याची सूजही धरावी, असे ठरले. सत्तर वर्षे आपली मुले दुसऱ्यांच्या मापाने मोजली गेली.

महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात, तीस प्रकारची दुखणी तपासतात, आणि रुमॅटिक हृदयविकार त्या तिसांत नावानिशी आहे. झडपेची शस्त्रक्रिया लागली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होते. मिरजेला १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. आता कृष्णाकाठच्या मुलाचा खरखराट ऐकू आला तर तो कुठे लिहायचा आणि मुलाला कुठे पाठवायचे हे ठरलेले आहे.

सुईचा प्रश्न मात्र ऊसतोडीपाशी अडतो. वसंतदादा पाटलांनी सांगलीत उभा केलेला सहकारी साखर कारखाना माधवनगरच्या रस्त्यावर आहे, आणि या पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी बीडकडून दरवर्षी टोळ्या येतात. मुकादमाची उचल घेऊन एका कोयत्याचे नवराबायको फडावर येतात, बरोबर पोरे. खोपीत चौघे-पाच जण एकमेकांना चिकटून झोपतात, पहाटे थंडीत उठतात. पाचोळ्यावर निजलेल्या एकाचा घसा धरला की काय होते ते वर आलेच आहे. भारतात ही सुई एकवीस दिवसांनी द्यायची असते. सत्तावीस किलोपर्यंतच्या मुलाला सहा लाख युनिट, त्याहून मोठ्याला बारा लाख. पेनिड्युर या नावाने ती दुकानांत ओळखली जाते. दुखते फार, आणि ॲलर्जीच्या भीतीने खाजगी डॉक्टर ती टोचायला कचरतात. ती वर्षानुवर्षे घ्यायची : हृदयाला काही झाले नसेल तर निदान पाच वर्षे किंवा अठराव्या वर्षापर्यंत, झडप बिघडली असेल तर त्याहून पुष्कळ लांब. आता हिशेब करा. गाळप नोव्हेंबरात सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालले, तर त्या सहा महिन्यांत आठ-नऊ सुया पडतात. त्या सगळ्या फडावर असताना, आणि मुलाचे नाव ज्या आरोग्य केंद्राच्या वहीत आहे ते तिथून अडीच-तीनशे किलोमीटरवर.